होस्टेलातला तलाव

कापसाची वेचणी अर्धी झाली की बार्शीटाकळीला तंबूतला सिनेमा यायचा. बाजाराच्या मैदानात मोठा कळकट तंबू उभा राहायचा, मागे इंजिन धडधडायचं, आणि दिवसभर एक माणूस टांग्यात बसून भोंग्यातून पिच्चरचं नाव ओरडत फिरायचा. आम्ही घरून पोतं न्यायचो आणि जमिनीवर अंथरून बसायचो. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये दोरी.

मी लग्न होऊन अकोल्याला राहत होते. त्या वर्षी मायेचं दुखणं निघालं म्हणून माहेरी आले होते. माय जरा उठून बसायला लागल्यावर बाबा म्हणाले, चला, पिच्चर पाहून येऊ. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचं काम करत. वर्षातून एकदा पिच्चर, एवढीच त्यांची चैन होती.

त्या पिच्चरमध्ये मुलींचं होस्टेल होतं. पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या, खिडक्यांना रेशमी पडदे, आणि मधोमध निळ्या पाण्याचा मोठा तलाव. कॉलेजच्या मुली आखूड कपडे घालून त्या तलावात उड्या मारत होत्या. भिंतीवरून मुलं पाहत होती, आत चिठ्ठ्या टाकत होती. होस्टेलची बाई जाड चष्म्याची, तिला काहीच दिसत नव्हतं. नट लुगडं नेसून, मुलीची आत्या म्हणून आत शिरला, तरी तिला कळलं नाही. मुलींच्या हातात पुस्तकं होती, पण ती फक्त खाली पडायची. मग कोणीतरी मुलगा ती उचलून द्यायचा आणि गाणं सुरू व्हायचं.

तंबूत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. बाबाही हसले. दोरीपलीकडून त्यांचं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं. तसं हसताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलं आहे.

घरी जाताना आमच्या समोर राहणारी काकी म्हणाली, "पाह्यलं का वं होस्टेल? तुह्यी बहीण असंच रायते काय तिथं?"

तिनं हसतच विचारलं होतं. मीही हसले. बाबा पुढे चालत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

माझी धाकटी बहीण अमरावतीला कॉलेजात होती. शेवटचं वर्ष. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा ती शाळेत होती. घरातले देव बाबांनी नदीला नेऊन सोडले, आणि त्या कोनाड्यात तिची पुस्तकं ठेवली. मी थोरली. मला चौथीतून काढलं होतं, कारण तेव्हा अजून कोनाड्यात देव होते. ह्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण तिचं शिक्षण हे घरातल्या सगळ्यांचं होतं, माझंही. तिला सरकारी स्कॉलरशिप मिळाली आणि ती होस्टेलात गेली तेव्हा वस्तीतले सगळे स्टेशनपर्यंत आले होते. आमच्यातली कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी.

कॉलेजातली मुलगी म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण कॉलेजातली मुलगी कोणी पाहिली नव्हती. जत्रेतल्या खडी गंमतमध्ये एक नाच्या काळा चष्मा लावून, पर्स हलवत 'कॉलेजवाली' बनून यायचा आणि सगळ्यात जास्त टाळ्या घ्यायचा. माझे मालक अकोल्याला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते. तिथे बाकावर मासिकं पडलेली असायची. त्यातल्या चित्रांतही तीच ती. उंच टाचा, कुत्र्याची साखळी हातात, आणि मागे चार मुलं सायकलवर. माझी बहीण दोन पातळं आळीपाळीनं धुऊन नेसायची. सायकल तिला येत नव्हती.

होस्टेल आतून पाहिलेली आमच्या घरात मी एकटीच होते. ती पहिल्यांदा गेली तेव्हा सामान लावायला मी आत गेले होते. बाबा ऑफिसच्या व्हरांड्यात उभे राहिले. पुरुष माणसाला त्यापुढे जायची परवानगी नव्हती. गवंडी, हमाल, असं कोणी आत यायचं झालं तर तिथली कामवाली बाई पुढे पितळी घंटी वाजवत चालायची आणि "पुरुष आला, पुरुष आला" असं ओरडायची. मुली धडाधड दारं लावून घ्यायच्या. मला ते पाहून आमच्याकडच्या जुन्या गोष्टी आठवल्या होत्या. आमची माणसं रस्त्यानं जाताना ओरडत जायची, असं आजी सांगायची. इथे त्याचं उलटं होतं, पण घंटी वाजली तेव्हा मी बाजूला सरकून भिंतीला लागून उभी राहिले.

पिच्चर गेला, तंबू पुढच्या गावी गेला, आणि त्यानंतर नाताळच्या सुटीत बहीण घरी आली. आली तीच हसत. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "माय वं, यंदा माह्यावर फिशपॉन्ड पडला!"

माय घाबरून उठली. "काय पडलं? कुठी लागलं तं नाई ना?"

"लागत नाई माय. त्यानं हसतात."

त्या दिवशी माझे मालकही आलेले होते, काकी दारातच बसलेली होती, बाबा नुकतेच जिनिंगमधून येऊन पाय धूत होते. सगळ्यांसमोर ती सांगायला लागली. कॉलेजात गॅदरिंग असतं. त्या वेळी कोणाचीही गंमत करणारी एक ओळ लिहून डब्यात टाकायची, खाली नाव लिहायचं नाही. मग स्टेजवर ती सगळ्यांसमोर वाचतात. त्याला फिशपॉन्ड म्हणतात.

पण तिला नीट सांगताच आलं नाही, कारण मध्येच माझे मालक बोलले. त्यांना औषधाच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता यायचं आणि सासुरवाडीत त्याचा मान होता.

"फिश म्हणजे मासोळी," ते म्हणाले. "पॉन्ड म्हणजे तलाव. फिशपॉन्ड म्हणजे मासोळ्यांचा तलाव."

काकीनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे तो पिच्चरातलाच!"

बहिणीला काही कळेना. तिनं तो पिच्चर पाहिलाच नव्हता. होस्टेलात सिनेमाला परवानगी वर्षातून एकदा, तीही रेक्टरबाईंबरोबर रांगेनं, आणि तोही देवादिकांचा. ती माझ्याकडे पाहायला लागली.

"कोनता पिच्चर, ताई?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी विचारलं, "चिठ्ठ्या कोन टाकते?"

"सगळेच टाकतात बाबा."

"पोरं बी?"

"पोरं बी."

"पोरं पोरीयवर चिठ्ठ्या टाकतात, अन् मास्तर लोकं त्या वाचतात?"

"तसं नाई बाबा, गंमत असते ते."

"तुह्यावर काय होती?"

तिनं सांगितलंच. तिला वाटलं, ऐकलं की सगळे हसतील आणि विषय मिटेल.

"मले, तुले, त्याले, अन् व्याकरण पाण्यात गेले."

तिच्या बोलण्यात अजून आपलं वऱ्हाडी यायचं. पुण्याकडून आलेले मराठीचे प्राध्यापक तिला रोज सुधारायचे, आणि ती पुन्हा 'मले' म्हणायची. त्याच्यावर ती ओळ होती. बस, एवढंच.

काकी म्हणाली, "पान्यात गेले म्हंते. आता तं सोतानंच सांगतलं."

"काकी, व्याकरण पाण्यात गेलं. मी नाई गेली," बहीण म्हणाली.

"व्याकरन कोन वं? तुह्यी मैत्रीन?"

ह्यावर माझे मालक मोठ्यानं हसले. दुसरं कोणी हसलं नाही. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "बाबा, मी आत गेलती. तिथं तलाव नाई. एक हौद आहे फकस्त."

"हौद म्हना का तलाव म्हना," काकी म्हणाली, "पानीच ना वं बाई."

मालक माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू चूप बस. तुले इंग्रजी येते काय?"

बाबांनी पाय पुसले आणि बाहेर जाऊन बसले.

त्या दिवशी निजताना बहिणीनं मला पिच्चरमध्ये काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, तुले माहीत आहे का मी काहून एवढी खूश होती?"

आणि तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी मेसमध्ये तिच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. कोणी वाईट बोलत नव्हतं, पण कोणी बोलतही नव्हतं. हळूहळू एक जण बसायला लागली, मग दुसरी. पण दर गॅदरिंगला होस्टेलातल्या सगळ्या मुलींवर फिशपॉन्ड पडायचे. जी घोरते तिच्यावर, जी रडते तिच्यावर, जिला लोणचं लागतं तिच्यावर. हिच्यावर कधी नाही. हिचं नाव घ्यायलाच लोक बिचकत. थट्टा आपल्या माणसाची करतात. ह्या वर्षी तिच्यावर पडला, सगळं सभागृह हसलं, आणि खाली उतरल्यावर खोलीतल्या मुलींनी तिला उचलून घेतलं. "आता तू आमच्यातली," असं एक जण म्हणाली. ती ओळ त्या मुलींनीच टाकली होती.

"मी गाडीतून येताना सारखी हसून राहिली होती," ती म्हणाली. "समोरच्या बाईले वाटलं, हिले याड लागलं."

मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

गोष्ट घरात राहिली नाही. काकी वाईट बाई नव्हती. मायेच्या दुखण्यात तिनंच भाकरी करून आणल्या होत्या. पण जे ऐकलं ते ती आडावर सांगायची, आणि ते आडावरून पुढे जायचं. आठवड्यात वस्तीतली लहान पोरं माझ्या बहिणीला पाहून "फिसपान, फिसपान" ओरडायला लागली. त्यांना अर्थ माहीत नव्हता. मोठ्यांना वाटत होतं की आपल्याला माहीत आहे. पाणी भरायला गेलं की कोणीतरी विचारायचं, "काय बाई, इथं जमते का पोहाले?" ती घागर भरून खाली मान घालून यायची. पहिल्या दिवशी तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. कागद, डबा, स्टेज. त्यानं आणखी बिघडलं. तलाव नसला तर चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या घेऊन त्या पोरी काय करत होत्या, हे पिच्चरमध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग वस्तीतले दोघं-तिघं जाणते बाबांना येऊन भेटले. बाहेरच्या खाटेवर बसले. मी आतून ऐकत होते. कोणी आवाज चढवला नाही. एक म्हातारे होते, त्यांनीच बहिणीला कॉलेजात घालायचा आग्रह धरला होता, स्टेशनवर तिच्या गळ्यात हारही त्यांनीच घातला होता. ते म्हणाले, "गड्या, आमाले तुह्या पोरीवर भरोसा आहे. पण आता दुसऱ्या दोघीचं कॉलेजचं चालून राहिलं. त्यायचे बाप म्हनतात, नाई पाठवत. हिचं नाव निघालं तं माघून कोनीच जानार नाई. आपल्या लोकायवर लोकं आधीच टपून आहेत."

"मंग मी काय करू?" बाबा म्हणाले.

"तू पाहून ये. तू सोता पाहून ये, अन् मंग काय ते ठरव."

सुटी संपून चार दिवस झाले होते. बहिणीनं पिशवी भरून ठेवली होती. बाबा तिला म्हणाले, "तू थांब. मी जाऊन येतो."

ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, परीक्षा होऊ द्या. मार्चमध्ये परीक्षा आहे. मंग तुमी म्हनाल तसं. मंग मले कुठीही द्या."

"पाहून तं येऊ दे," बाबा म्हणाले.

मला त्यांनी बरोबर घेतलं, कारण मी आत गेलेली होते आणि बाईमाणूस होते. धुतलेलं धोतर, कोट, टोपी. अकोल्याला गाडी बदलली, बडनेऱ्याला पुन्हा बदलली. सगळ्या वाटेत ते एकच बोलले. "त्या पिच्चरले मी लय हसलो वं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पऱ्हाट्या काढून झालेली काळी वावरं जात होती.

होस्टेलच्या ऑफिसात रेक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बारीक काड्यांचा चष्मा. त्या उठून उभ्या राहिल्या आणि बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा तो मासोळ्यांचा तलाव मले दाखवा."

रेक्टरबाईंना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "काय दाखवू?"

"तलाव. पोरीयचा."

मला बोलावं लागलं. परक्या, शिकलेल्या बाईसमोर फिशपॉन्ड, पिच्चर, काकी, वस्ती असं तुटक तुटक सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू थांबलं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"काका," त्या म्हणाल्या, "दर वर्षी कोणीतरी वडील असेच येतात. कोणी सांगतं इथे नाच होतो, कोणी सांगतं मुलगे वेष घेऊन येतात. मी ते सगळे सिनेमे पाहिलेले नाहीत, पण त्यांच्यात काय असतं ते मला तोंडपाठ झालं आहे. नियम मोडून तुम्हाला आत नेते. तुम्ही बघा."

त्यांनी कामवालीला हाक मारली. ती घंटी घेऊन आली. "पुरुष आला, पुरुष आला." दारं लागत गेली. तिच्या मागे बाबा, टोपी हातात घेऊन, नजर जमिनीवर. त्यांची मान इतकी खाली होती की त्यांना काही दिसलं असेल की नाही असं मला वाटलं. घंटीमागून चालताना त्यांच्या मनात काय आलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

मागच्या अंगणात हौद होता. चौकोनी, सिमेंटचा, माझ्या कमरेइतका. त्याच्यात पाणी नव्हतं. तळाला वाळलेलं शेवाळ आणि एक फुटका लोटा. वरच्या नळाला पाण्याची धार नव्हती, थेंब होते. नळापासून भिंतीपर्यंत बादल्यांची रांग. प्रत्येक बादलीवर रंगानं नाव घातलेलं. जिची बादली पुढे जाईल तिला पाणी. रांगेत मधोमध माझ्या बहिणीची बादली होती. ती गेले दोन आठवडे घरी होती आणि बादली रांगेत होती.

एका लावलेल्या दारामागून आवाज आला. "ताई, ती कधी येणार? तिची बादली आम्ही रोज नंबरात ठेवतो. तिला सांगा, नोट्स पण उतरवून ठेवल्यात."

मी दाराकडे पाहून मान हलवली. दार बंद होतं, तिला ती दिसली नसणार.

बाबा हौदाच्या काठाला हात लावून उभे होते. मग खोली पाहिली. चार खाटा, चार पेट्या, एक कंदील, कारण दिवे लवकर बंद व्हायचे. भिंतीवर खिळ्याला एक पातळ. तिच्या खाटेवरची वाकळ मायेनं शिवलेली. बाबा खाटेजवळ वाकले आणि त्यांनी खालची पेटी ओढली.

"काका, हे काय?" रेक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही आता पाहिलंत ना?"

"पाह्यलं बाई."

"मग?"

बाबांनी पेटी उचलून खाटेवर ठेवली. "तुमी म्हनता ते खरं आहे. मले डोळे आहेत. पण मी एकट्यानं पाह्यलं. आमच्या गावानं ते पिच्चर पाह्यलं. मी कोनाकोनाले इथं आनू? आत याले तं घंटी लागते."

रेक्टरबाईंनी परीक्षेचं सांगितलं, ती वर्गात पुढे आहे म्हणाल्या, मी तुमच्या गावी येऊन बोलते म्हणाल्या. बाबा म्हणाले, "नोका येऊ बाई. तुमाले चष्मा आहे. लोकं हसतील."

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. बाईंचा अपमान होऊ नये म्हणूनच ते म्हणाले. पण ते ऐकून रेक्टरबाईंचा चेहरा असा झाला की मी खाली पाहिलं.

बाहेर पडताना बाबा अंगणात थांबले. रांगेतून त्यांनी बहिणीची बादली काढली. मागची बादली पुढे सरकवून जागा भरली आणि मग निघाले.

घरी बहीण दारात उभी होती. बाबांच्या डोक्यावर पेटी तिनं लांबूनच पाहिली असणार, पण ती हलली नाही. जवळ आल्यावर तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"बादली बी आनली?" ती म्हणाली.

एवढंच. ती रडेल म्हणून मी तयारीत होते. तिनं बादली माझ्या हातातून घेतली आणि आडाकडे गेली. माय तिच्या मागे हाका मारत राहिली.

त्या म्हाताऱ्यांना बाबांनी सगळं सांगितलं. तलाव नाही, हौद आहे, तोही कोरडा. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंग पोरीची पेटी आनली काहून?" बाबा म्हणाले, "तुमीच म्हनलं पाहून ये, अन् तुमीच इचारता काहून?" ज्या दोघी कॉलेजात जाणार होत्या त्या गेल्या नाहीत. न पाठवणाऱ्यांना आता नवीन कारण मिळालं होतं. जिला पाठवलं होतं तिची पेटी तिच्या बापानंच जाऊन आणली, म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. परतवाड्याला, लाकडाच्या डेपोत काम करणारा मुलगा. तो मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण तिथेही फिशपॉन्ड तिच्या आधी पोचला होता. कोणी पोचवला कळलं नाही. वरणात मीठ कमी पडलं की सासू म्हणायची, "तलावात शिकली ना, खाऱ्या पान्याची सवय नाई." चुलीचा धूर झाला, की कॉलेजवाली. पदर ढळला, की कॉलेजवाली. ती माहेरी आली की मी पाहायचे, तिनं 'मले' म्हणणं सोडलं होतं. प्राध्यापकांना जे जमलं नाही ते तिनं स्वतःहून केलं. ती शुद्ध बोलायची, आणि फार थोडं बोलायची.

बाबांनी पुन्हा कधी तंबूत पाय ठेवला नाही.

काही वर्षांनी ती तिच्या धाकट्या मुलीच्या डोळ्यांच्या औषधासाठी अकोल्याला माझ्याकडे आली होती. तेव्हा तोच पिच्चर टॉकीजला पुन्हा लागला होता, दुपारच्या खेळाला. पोस्टरवर तलाव होता. तिनं ते रस्त्यानं येताना पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "ताई, मला तो बघायचा आहे."

"कशाला उगाच?"

"सगळ्यांनी पाहिलाय. माझाच राहिलाय."

मुलीला शेजारी ठेवून आम्ही गेलो. बायकांच्या बाजूला बाकं होती, कापूस वेचणाऱ्या बायका, एक-दोन बुरखे, खूप मुलं. पांढऱ्या पायऱ्या आल्या, पडदे आले, तलाव आला. मी तिच्याकडे पाहत होते, पडद्याकडे नाही. ती पुढे वाकून बसली होती, परीक्षेला पेपर हातात घेतल्यावर बसावं तशी. तलावात मुलींनी उड्या मारल्या तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्या झाल्या. ती अगदी हळू म्हणाली, "केवढं पाणी गं."

लुगडं नेसलेला नट आला, चष्म्याची बाई फसली, बायका पोट धरून हसल्या. ती हसली नाही आणि तिनं डोळ्यांना पदरही लावला नाही. मध्यंतरात मी विचारलं, "जायचं का?"

"नाही. पुढचं बघू दे."

पुढे गाणी झाली, भांडण झालं, एका गाण्यात परीक्षाही उरकली, गैरसमज मिटला, लग्न झालं. दिवे लागले. लोक उठले, बाकांचे आवाज झाले, मुलं रडायला लागली. ती तशीच बसून राहिली, कोऱ्या पडद्याकडे पाहत. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"संपलं," मी म्हटलं.

"असं कसं संपलं?" ती म्हणाली. "परीक्षा झाली होती ना त्यांची? निकाल तर दाखवलाच नाही."

झाडूवाला आमच्या बाकापर्यंत आला. आम्ही पाय वर घेतले. त्यानं खालून झाडलं आणि तो पुढे गेला. मग आम्ही उठलो.